सांधेदुखीसाठीचा ऑनलाइन कार्यक्रम : व्यायाम उत्तम, आहार जेमतेम

गुडघ्यांच्या सौम्य ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी (सांध्यांच्या झिजेसाठी) घेतलेल्या या कार्यक्रमाचे खरे बळ व्यायामात आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम फिजिओथेरपिस्ट संथपणे शिकवतात आणि दुखणे दुसऱ्या दिवशीही टिकले तर प्रमाण कमी करायला सांगतात, हे मला विशेष पटले. वजन 1 किलोने घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे 4 किलोने हलका होतो, हा हिशेबही त्यांनी नीट समजावला. आहाराचा भाग मात्र उथळ वाटला. ओमेगा-3 विषयीची माहिती ठीक असली, तरी ग्लुकोसामाइन या पूरक घटकाच्या गोळ्यांची शिफारस (जणू झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचे मऊ आवरण, त्यांनी पुन्हा भरून येणार आहे!) खटकते, कारण त्यांच्या उपयोगाविषयीचे पुरावे परस्परविरोधी आहेत. जिने चढणे मला आता सोपे जाते. सकाळचा ताठरपणा थोडा उरला आहे.