आठ महिने पुढाऱ्यांची आत्मचरित्रं वाचल्यावर

नानांची नजर गेल्या वर्षी इतकी अधू झाली की छापील अक्षर लागेना. तेव्हापासून रात्री जेवणं आटोपली की मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. निवड त्यांची, पुढाऱ्यांची आत्मचरित्रं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी गेले आठ महिने रोज पाऊण तास हेच चालतं. ही पुस्तकं वाचण्यासारखी असतात का, असं ओळखीचे विचारतात. असतात, पण सगळी पानं नाहीत.

जीव रमला तो यशवंतराव चव्हाणांच्या 'कृष्णाकाठ'मध्ये. पुस्तक 1984 चं, पण हकीकत 1946 पाशी थांबते, सत्तेच्या उंबरठ्यावर. त्यामुळे कुणाला उत्तर द्यायची घाई त्यात नाही. जून 1942 मध्ये लग्न, ऑगस्टपासून भूमिगत, आणि लग्नानंतरची पहिलीच संक्रांत वेणूताईंच्या वाट्याला तुरुंगात आली. तिथे माझा आवाज अडकला. नाना म्हणाले, "परत वाच." त्या रात्री पुढे गेलोच नाही.

शरद पवारांचं 2015 साली आलेलं 'लोक माझे सांगाती' भराभर वाचून होतं. 1978 चा भाग मी दोनदा वाचला. वसंतदादांचं सरकार पडलं आणि पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, ती सगळी घडामोड. पवारांनी आपली बाजू मांडली, तो त्यांचा हक्कच. पण यशवंतरावांच्या आत्मचरित्रातून 1978 कळायचं राहूनच गेलं. पुढचे खंड त्यांच्या मनात होते, आणि 'कृष्णाकाठ' आलं त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. याची हळहळ मला अजून वाटते.

एकच घटना दोघांकडून ऐकायची सवय आम्हाला लागली ती ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या आत्मचरित्रामुळे. मनोहर माळगावकरांच्या सोबतीनं लिहिलेलं, इंग्रजी, 1985 चं. मी वाक्यावाक्याला मराठी करून सांगत होते. 1967 आलं, राजमातांच्या पुढाकारानं मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं काँग्रेस सरकार पडलं, आणि नानांनी हात वर केला. "थांब." ते तेव्हा विशीतले. महाराज बाड्यावर, इथल्या मुख्य चौकात, किती गर्दी होती, आजोबा घरी येऊन काय म्हणाले, शेजारच्या वाड्यात त्यावरून कशी भांडणं झाली, असं तासभर सांगत राहिले. पुस्तक मांडीवर उघडं तसंच. ही आठवण त्यांनी मला आधी कधी सांगितली नव्हती.

पदं मिळाल्यानंतरचे दौरे, बैठका, उद्घाटनं मी सरळ गाळते. नानांची हरकत नसते. एक मात्र करा, शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नावं आणि पानांचे आकडे लिहीत चला. बऱ्याच मराठी पुस्तकांत नामसूची नसते, आणि शंभर पानांनंतर तोच माणूस परत आला की आधी तो कुणाच्या बाजूनं होता ते शोधावं लागतं.

मिश्रांनीही आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या आहेत. नानांना आता त्या हव्यात. परवा बाड्यावरच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून येणार आहे. मिळाल्या की 1967 पुन्हा पहिल्यापासून वाचायचं ठरलंय.