वांग्यावरचा फोमॉप्सिस करपा: प्लेटमध्ये जिंकलेलं औषध घ्यायचं की हरलेलं?

फोमॉप्सिस बुरशीमुळे वांग्यावर येणाऱ्या करप्यासाठी बुरशीनाशकं आधी प्रयोगशाळेत, बुरशी वाढवायच्या प्लेटमध्ये तपासतात. त्यातली कार्बेन्डाझिमची प्लेट पाहिली की निकाल लागलाच असं वाटतं. सातव्या दिवशीही बुरशीची ५ मिमीची चकती होती तशीच, शेजारच्या कंट्रोलमध्ये (औषध न घातलेल्या प्लेटमध्ये) मात्र पांढरी बुरशी काठाकडे सरकलेली. मॅन्कोझेबच्या प्लेटमध्ये थोडीफार वाढ दिसते. मग तक्त्यात कार्बेन्डाझिम वर, मॅन्कोझेब खाली आणि फवारणीची शिफारसही त्याच क्रमानं. हे मला पटत नाही.

पॉइझन्ड फूड पद्धतीत औषध पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज-अगर) या बुरशी वाढवायच्या माध्यमात मिसळून आपण फक्त बुरशीच्या तंतूंची वाढ मोजतो. कंट्रोल ९० मिमी आणि औषधाची प्लेट २७ मिमी असेल, तर रोध ७० टक्के. कार्बेन्डाझिम पेशीविभाजनच अडवतं, त्यामुळे वाढत्या तंतूंवर ते थोड्या मात्रेतही भारी पडतं. मॅन्कोझेबचं खरं काम पानावर पडलेला बीजाणू रुजू न देणं. ते जोखायचं तर स्लाइडवर बीजाणू रुजवून पाहावे लागतात. तिथे या बुरशीच्या दोन प्रकारच्या बीजाणूंपैकी अल्फा बीजाणूच मोजा. लांबट, वाकडे बीटा बीजाणू एरवीही रुजत नाहीत, ते धरले तर प्रत्येक औषध उगाच गुणी ठरतं.

दुसरी गफलत मात्रेची. दोघांना ५०० पीपीएमवर (दहा लाखांत ५०० भाग) उभं करणं म्हणजे अन्यायच, कारण फवारणीत दोघांची मात्रा वेगळी असते. कार्बेन्डाझिम ५० डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची, ५० टक्के सक्रिय घटकाची भुकटी) लिटरला १ ग्रॅम घेतलं की सक्रिय घटक ५०० पीपीएम होतो. मॅन्कोझेब ७५ डब्ल्यूपी अडीच ग्रॅम घेतलं की १८७५. शिवाय मॅन्कोझेब फ्लास्कच्या तळाशी बसतं. न हलवता ओतलं, तर पहिल्या प्लेटमध्ये औषध कमी आणि शेवटच्या प्लेटमध्ये पिवळसर गाळ. तीन प्लेटांचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर आधी इथेच शंका घ्यावी.

ॲझॉक्सीस्ट्रोबिन हे आणखी एक बुरशीनाशक प्लेटमध्ये कधी कधी अगदीच मवाळ वाटतं. ते बुरशीचं श्वसन तोडतं, पण माध्यमावर वाढणारी बुरशी श्वसनाची आडवाट धरते. ती बंद करायला सॅलिसिलहायड्रॉक्झॅमिक ॲसिड घातलेलं नसेल, तर तो आकडा मी धरत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइडचंही थोडं तसंच. माध्यमातले घटक तांबं बांधून ठेवतात.

मग घ्यायचं काय? रोग बियाण्यातूनही येतो, म्हणून बीजप्रक्रियेला कार्बेन्डाझिम. उभ्या पिकात फळं धरायच्या आधीपासून मॅन्कोझेबचा आधार. कार्बेन्डाझिम एखाद-दोन फवारण्यांपुरतंच, कारण ते एकाच जागी घाव घालतं आणि बुरशी त्याला लवकर सरावते. लेबलवर वांग्याचं नाव आणि तोडणीआधी थांबायचे दिवस पाहूनच डबा उचला.

आणि प्लेट फेकण्याआधी ती न वाढलेली चकती साध्या पीडीएवर ठेवून पाहा. चार-पाच दिवसांत पांढरी कड फुटली, तर औषधानं बुरशी मारलेली नव्हती, नुसती थांबवली होती.