केमो थेट लिव्हरमध्ये की हातातल्या नसेतून? गोव्यात राहून ठरवताना

साखळीहून एका मैत्रिणीचा परवा फोन आला. तिच्या बाबांची मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून झाली, पण स्कॅनमध्ये लिव्हरवर पाच डाग दिसले. कुणीतरी सांगितलं, आता केमो थेट लिव्हरमध्ये सोडतात, केस जात नाहीत, त्रास कमी. "मग तेच करूया ना?" दादाच्या आजारपणात हाच प्रश्न घेऊन आम्ही दोन महिने हिंडलो होतो. तिला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

कल्पना खरोखर चांगली आहे. लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळतं. साधारण तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून, उरलेलं यकृताच्या धमनीतून. निरोगी लिव्हरची मदार मुख्यतः शिरेवर असते, पण आतड्यातून येऊन रुजलेल्या गाठी वाढल्या की धमनीवर पोसतात. म्हणजे औषध धमनीत सोडलं की ते गाठीला जास्त लागतं. यासाठी वापरतात ते फ्लॉक्स्युरिडीन हे केमोचं औषध तर लिव्हर पहिल्याच फेरीत ९० टक्क्यांहून अधिक शोषून घेतं. बाकी शरीरात फारच थोडं पोचतं, म्हणून केस टिकतात हे खरं.

पण त्यासाठी ऑपरेशन लागतं. चपट्या डबीसारखा पंप पोटाच्या कातडीखाली बसवतात, त्याची बारीक नळी धमनीच्या एका फांदीत शिवतात, आणि पित्ताशय त्याच वेळी काढून टाकतात. मग दर दोन आठवड्यांनी कातडीतून सुई घालून पंप भरायचा: एकदा औषध, पुढच्या वेळी रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचं पाणी, पुन्हा औषध. दर वेळी रक्ताची तपासणी, कारण या औषधाचा खरा धोका पित्तनलिकांना असतो. त्या आक्रसल्या तर कावीळ होते, आणि तो बिघाड कायमचा राहू शकतो. म्हणून औषधात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिसळतात आणि रिपोर्ट थोडा हलला तरी डोस कमी करतात किंवा थांबवतात. नळीत गुठळी होणं, पंपाच्या जागी पू होणं, औषध जठराकडे वळून अल्सर होणं हेही घडतं. "त्रास कमी" हे वाक्य म्हणून मला अर्धवट वाटतं. त्रास हातापायांतून उठून लिव्हरमध्ये जातो, आणि तिथला त्रास डोळ्यांना दिसत नाही.

फायद्याचे आकडेही नीट वाचायला हवेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर इस्पितळातला १५६ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. लिव्हरमधल्या गाठी ऑपरेशनने काढल्यानंतर पंप आणि नेहमीची केमो दोन्ही मिळालेल्यांपैकी ८६ टक्के दोन वर्षांनी हयात होते, फक्त नेहमीची केमो मिळालेल्यांपैकी ७२ टक्के. फरक मोठा आहे. मात्र तेव्हाची "नेहमीची केमो" म्हणजे फाइव्ह-एफयू हे जुनं औषध. आजच्या, त्यात ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा इरिनोटेकॅन ही औषधं जोडलेल्या केमोशी ती तुलना झालेली नव्हती. शिवाय हे सगळे रुग्ण असे, ज्यांचा आजार लिव्हरपुरताच होता आणि गाठी काढता आल्या होत्या.

आता नसेतली केमो. फॉलफॉक्स म्हणजे फाइव्ह-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन असलेली केमो, दर १४ दिवसांनी एक सायकल. इस्पितळात काही तास, मग छातीवरच्या पोर्टला (नसेत औषध सोडायला कातडीखाली बसवलेली डबी) लावलेली छोटी बाटली घेऊन घरी यायचं. ती ४६ तास हळूहळू रिकामी होते. या बाटलीलाही वॉर्डात सगळे "पंप"च म्हणतात. आमचा पहिला घोळ इथेच झाला. नर्सबाई "पंप लावला" म्हणाल्या आणि वहिनीला वाटलं, लिव्हरमध्येच सोडलं. तुम्ही विचारताना "पोटात बसवायचा पंप की बाटली?" असंच विचारा.

ऑक्सॅलिप्लॅटिनने थंडी सोसवत नाही. फ्रिजचं दार उघडलं तरी बोटांत टोचतं, गार सोलकढी गळ्याला बोचते. पुढे पुढे बधिरपणा साचतो. इरिनोटेकॅन असेल तर जुलाब आणि केस गळणं. पण नसेतून दिलेलं औषध सगळ्या शरीरात फिरतं, आणि फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावर स्कॅनला न दिसलेलं काही असेल तर त्यालाही गाठतं. लिव्हरमधली केमो तिथवर पोचत नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे, आणि जिथे पंप वापरतात तिथेही जोडीला नसेतली केमो म्हणूनच देतात. दोन्हींतली एक निवडायची असं ते क्वचितच असतं.

धमनीतून आणखी दोन गोष्टी करतात. इरिनोटेकॅन भरलेले सूक्ष्म मणी आणि यट्रियम-९० चे किरणोत्सारी मणी, दोन्ही जांघेतल्या धमनीतून नळी नेऊन. यट्रियमच्या तीन चाचण्यांचा ११०३ रुग्णांचा एकत्रित निष्कर्ष २०१७ मध्ये आला. सुरुवातीलाच केमोबरोबर दिल्यास लिव्हरमधला आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, पण आयुष्य वाढलं नाही. केमो दमल्यावर, आजार लिव्हरपुरताच उरला असेल तर विचार करण्यासारखे हे उपाय. पहिल्या दिवशी नव्हे.

मैत्रिणीला मी म्हटलं, बाबांच्या बाबतीत पहिला प्रश्न वेगळाच आहे: हे पाच डाग आज किंवा केमोने आकसल्यावर कापून काढता येतील का? ते फक्त लिव्हरचं ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन सांगू शकतो. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) केमो सुरू होत असली तरी लिव्हरचा एमआरआय, छातीचा सीटी आणि गाठीच्या जनुकीय तपासण्यांचे (आरएएस, बीआरएएफ, एमएसआय) रिपोर्ट घेऊन एकदा तरी अशा सर्जनचं मत घ्या, मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर इस्पितळात जावं लागलं तरी. संध्याकाळी मडगावहून कोकणकन्या पकडली की सकाळी मुंबईत. आमचं हे मत घेणं चार सायकलींनंतर झालं. आधी व्हायला हवं होतं.

पंप सुचवलाच कुणी, तर विचारा: आतापर्यंत किती बसवलेत, औषध नियमित मिळतं का, आणि दर पंधरवड्याला तो भरणार कोण? दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारच्या आरोग्य विम्यावर) त्याला मंजुरी आहे का, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी लेखी विचारा.

फोन ठेवताना तिने विचारलं, चवथीला बाबा घरी असतील ना, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी तेच बांधतात. नसेतल्या केमोची सायकल डॉक्टरांना विचारून चार-सहा दिवस पुढे ढकलता येते. पोटातला पंप मात्र ठरल्या तारखेलाच भरावा लागतो. तो कोरडा पडला तर नळी गुठळीने बंद होऊ शकते.