औषधी तेलाच्या नावाखाली मला बियांचं तेल विकलं

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या डाव्या पायात सुरू झालेली आग अजून थांबलेली नाही. गोळ्यांवर दिवस निघतो, रात्र निघत नाही. म्हणून पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी गांजापासून बनवलेलं औषधी तेल सुरू केलं. त्यातलं सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) किती, टीएचसी (नशा आणणारा घटक) किती हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून, थेंबाथेंबाने वाढवत. दुखणं गेलं नाही, पण झोप लागू लागली. ज्यांना असं दुखणं आहे त्यांना सलग झोपेचं मोल मी वेगळं सांगायला नको.

मध्यंतरी ते तेल मिळेनासं झालं. मी चौकशी करत होते, तेवढ्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फोन आला. बोलणारी बाई फार अदबीने बोलली. कोणता पाय दुखतो, रात्री किती वेळा जाग येते, सगळं तिने आपुलकीने विचारलं. चिठ्ठीचा फोटो मागवला, "आमच्या डॉक्टरांनी पाहिली, हेच तेल आहे" असं सांगितलं, प्रयोगशाळेचा रिपोर्ट पाठवला आणि सगळे पैसे आगाऊ घेतले.

बाटली आली. पुढे मोठ्या अक्षरांत ३००० मिलिग्रॅम, गांजाच्या पानाचं चित्र. ३००० कशाचे, हे कुठेच नव्हतं. माझ्या नेहमीच्या तेलाला कडवट, उग्र वास असतो; याला कच्च्या दाण्यांसारखा होता. काही रात्री घेऊन पाहिलं, पाय पूर्वीसारखा पेटलेलाच. मी फोन केला तर तीच बाई म्हणाली, "डोस दुप्पट करा आणि प्रेगाबॅलिन बंद करा, नैसर्गिक औषधाला ती गोळी काम करू देत नाही." पैसे गेल्यापेक्षा मला या वाक्याचा जास्त संताप आहे. प्रेगाबॅलिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची माझी गोळी, एकदम थांबवली तर झोप उडते, घाम सुटतो, जीव घाबरतो, काहींना झटकेही येऊ शकतात. समोरच्याला न तपासता असा सल्ला देणं हा जिवाशी खेळ आहे. मी गोळी सुरूच ठेवली आणि बाटली घेऊन क्लिनिक गाठलं.

तिथल्या फार्मासिस्टने बाटली उलटी केली आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: 'कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल'. म्हणजे बियांचं तेल. खायला चांगलं, पण बियांमध्ये सीबीडी आणि टीएचसी जवळजवळ नसतातच. ते असतात फुलोऱ्यावरच्या चिकट राळेत. मग त्याने रिपोर्टवरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. दोन्ही वेगळे. रिपोर्ट खरा असेलही, पण दुसऱ्याच कुठल्या तरी तेलाचा.

डॉक्टरांनी सांगितलं की हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली गेली, तो अभ्यास २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जेमतेम ३१ टक्के लेबलबरहुकूम निघाली, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. म्हणजे उलटाही धोका आहेच: बाटलीत काहीच नसेल किंवा नको ते असेल. सीबीडीमुळे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढू शकतो, त्यामुळे अशी गोळी चालू असणाऱ्यांनी अनोळखी बाटलीला हातही लावू नये.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी बाटलीची मागची बाजू वाचा. एका मिलिलिटरमध्ये सीबीडी आणि टीएचसी किती, हे आकड्यात लिहिलेलं नसेल तर पैसे देऊ नका. रिपोर्ट दाखवला तर बॅच नंबर जुळवा, आणि प्रयोगशाळेशी स्वतः संपर्क साधून तो त्यांनीच दिलाय का ते विचारा. चिठ्ठीचा फोटो तर कुणालाच पाठवू नका. त्यावर तुमचं नाव, आजार, डॉक्टरांची सही, सगळं असतं. माझ्या चिठ्ठीचं त्यांनी पुढे काय केलं, मला अजून कळलेलं नाही.

सायबर पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे परत आलेले नाहीत. तो फोन नंबर आता बंद आहे, पण त्याच बाटलीचा फोटो आणि तोच रिपोर्ट वेगळ्या नावाखाली पुन्हा फिरताना मी पाहिला आहे.