नहर की नदीवरची मोटर? पेंच-कन्हान पट्ट्यातल्या ओलिताचा हिशोब

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी, कामठी, मौदा या भागात अनेकांचं वावर पेंचच्या नहराखाली (कालव्याखाली) येतं आणि कन्हानही जवळून वाहते. नहराच्या पाळीवर राहायचं की नदीवर स्वतःची मोटर बसवायची, हा प्रश्न त्यांनाच पडतो.

धान असेल तर मी नहराच्या बाजूनं. नवेगाव खैरीच्या धरणातून निघालेलं पाणी उतारानंच बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, येतं; खर्च पाणीपट्टीचा आणि पाटचारी साफ करण्याचा. एकरभर बांधीत दोन इंच पाणी उभं करायला सुमारे दोन लाख लिटर लागतं, आणि बांधी एकदा भरून भागत नाही.

अडचण आहे ती वेळेची. पेंचच्या पाण्यावर नागपूर शहराचा आणि वीजकेंद्रांचाही वाटा आहे. त्यात मध्य प्रदेशात वर चौराई धरण झाल्यापासून पेंचवरच्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी पहिल्यासारखं राहिलं नाही. पाऊस कमी झाला की आधी पिण्याचं पाणी राखतात, ओलिताचं मग. उरलेलं तुम्हाला किती मिळेल, हे तुमचं वावर मायनरच्या (नहराच्या लहान फाट्याच्या) तोंडाशी आहे की टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, यावर ठरतं. पाणी वापर संस्था (नहराचं पाणी वाटणारी शेतकऱ्यांची संस्था) खरोखर चालत असेल तर टेलपर्यंत पाणी पोचतं. ती कागदावरच असेल, तर पाणी मागणीचा अर्ज वेळेत भरूनही रोवणी वरच्या शेतकऱ्याच्या मर्जीवर.

मोटरीत ही मर्जी सांभाळावी लागत नाही. 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं वीजबिल एप्रिल 2024 पासून माफ आहे, त्यामुळे पूर्वीचा सगळ्यात मोठा आक्षेप उरला नाही. राहिली ती रात्रीच्या लाइनची कटकट. सौर पंप घेतला तर तीही जाते. सरकारी योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के.

पण काठावरून पाणी ओढणारी मोटर सहा-सात मीटरपेक्षा खोलवरचं पाणी नीट उचलत नाही. म्हणून ती खाली, पात्राजवळ बसवावी लागते आणि पुराच्या तोंडी जाते. ऑगस्ट 2020 अखेरचा कन्हानचा पूर या भागात कोणी विसरलेलं नाही. उन्हाळ्यात उलटं: धार सरकते आणि पाइप तिच्या मागे वाढवत न्यावा लागतो. नाग नदी कन्हानला मिळते त्याच्या खाली वावर असेल, तर शहराचं सांडपाणी त्या पाण्यात आहे हे धरूनच चाला. पालेभाजीला ते देऊ नये.

मिरची, भाजीपाला किंवा टेलचं वावर असेल तर मोटर घ्या, पण ठिबकसह. ठिबकला लहान शेतकऱ्यांना 80 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, आणि तेवढ्याच पाण्यात जास्त वावर भिजतं. मोटर घेतली तरी नहराचा अर्ज भरणं सोडू नका.

नदीवरून उपसा करायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. नदी आणि तुमच्या वावरामध्ये दुसऱ्याचं शेत असेल, तर पाइप नेण्याची संमती लेखी घ्या, तीही मोटर आणण्याआधी. मोटर दारात आली की त्या धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) भाव वाढतो.