बॉम्ब कॅलरीमीटर ८ महिने वापरून : भांडण आगीशी नाही, पाण्याशी

बॉम्ब कॅलरीमीटर म्हणजे ऑक्सिजन भरलेल्या बंद पोलादी भांड्यात (हाच बॉम्ब) पदार्थ जाळायचा, ते भांडं बादलीतल्या पाण्यात ठेवायचं आणि पाणी किती तापलं त्यावरून निघालेली उष्णता काढायची. माझं साधं जॅकेटवालं (बादलीभोवती नुसतं उष्णतारोधक कवच असलेलं) मॉडेल, म्हणजे आपोआप काही करत नाही, सगळं हातानं. सुरुवातीला मला वाटायचं अवघड काम जाळण्याचं असणार, ३० ॲटमॉस्फिअर ऑक्सिजन म्हटलं की पोटात गोळाच यायचा. पण पदार्थाची गोळी घट्ट दाबलेली असेल आणि फ्यूज वायर (गोळी पेटवणारी बारीक तार) क्रुसिबलला, म्हणजे गोळी ठेवायच्या वाटीला, टेकत नसेल तर जाळणं निमूट होतं. त्रास दिला तो पाण्यानं.

बेंझोइक ॲसिड (ग्रॅमला २६.४३ किलोज्यूल) जाळून उपकरणाची उष्णताधारकता (एक अंश तापायला लागणारी उष्णता) काढली, म्हणजे कॅलिब्रेशन केलं, साधारण १०.१ किलोज्यूल प्रति अंश आली, खूश. मग नॅप्थलीन जाळलं तर मोलला ५१५६ किलोज्यूलच्या आसपास यायला हवं ते ५२०० च्या घरात! दोन आठवडे वायरला, थर्मामीटरला, नॅप्थलीनच्या बाटलीला शिव्या घालून झाल्या आणि शेवटी कळलं की कॅलिब्रेशनला बादलीतलं २००० ग्रॅम पाणी तोलून घेतलं होतं आणि नंतर आळसानं मोजपात्रानं मापून ओतत होतो. २० ग्रॅम कमी पडलं की उष्णताधारकता ८४ ज्यूलनं घसरते, म्हणजे जवळजवळ ०.८ टक्के, म्हणजे मोलमागे ४० च्या वर गेले की! आणि तोंडी परीक्षेत सगळे विचारतात काय, तर स्थिर आकारमानाचं ΔU (अंतर्गत ऊर्जेतला बदल) स्थिर दाबाच्या ΔH (एन्थाल्पीतला बदल) मध्ये कसं बदलायचं. ते करायचंच, पण नॅप्थलीनला वायूचे मोल २ नं कमी होतात, फरक पडतो जेमतेम ५ किलोज्यूलचा.

दुसरी गोष्ट तापमानवाढीची. नुसतं शेवटचं वजा पहिलं करू नका. पेटवायच्या आधी ५ मिनिटं दर मिनिटाला रीडिंग, नंतर वाढ थांबून उतार एकसारखा होईपर्यंत, मग आलेखावर आधीची आणि नंतरची अशा दोन्ही रेषा मागेपुढे वाढवायच्या. मी एकूण वाढीच्या ६० टक्क्यांच्या वेळेला उभी रेष मारतो, तिच्यावरचं दोन रेषांमधलं अंतर म्हणजे खरी वाढ, चांगलं जमतं. कंटाळवाणं आहे, हो. वायर किती जळाली तेही उरलेले तुकडे मोजून हिशेबात धरा.

सील म्हणाल तर अजून ठीक आहे, फक्त झाकण बसवताना रिंगला थोडं पाणी लावतो. जाळून झाल्यावर आतला गॅस मात्र सावकाश सोडा. आणि उघडल्यावर क्रुसिबलमध्ये काजळी दिसली (म्हणजे पूर्ण जळलंच नाही) तर ते रीडिंग सरळ फेका, कितीही सुंदर आकडा आलेला असला तरी. मी एकदा ठेवलं होतं, सरासरीत घुसवलं पण होतं 😅