डेमोचा लॅपटॉप: ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल की विंडोजचं वेगळं खातं?

बेळगावच्या रविवार पेठेपासून निपाणीपर्यंत बिलिंग सॉफ्टवेअरचा डेमो देत फिरायचं तर लॅपटॉप एकच. घरचे फोटो, बँकेचे कागद, गिऱ्हाइकांच्या फायली, सगळं त्यातच. खाजगी ते झाकायला मी दोन्ही उपाय करून बघितले.

ब्राउझरचं प्रोफाइल दोन मिनिटांत होतं. पासवर्ड, हिस्टरी, लॉगिन वेगळी राहतात. डेमोत कुठली फाइल उघडायची नसेल तर तेवढ्यावर भागावं.

माझं भागलं नाही. निपाणीत तंबाखूच्या एका व्यापाऱ्यांना मालाची एक्सेल यादी कशी चढवायची ते दाखवत होतो. 'फाइल निवडा' दाबलं आणि अलीकडच्या फायली समोर आल्या. दुसऱ्याच ओळीत त्यांच्या शेजारच्या दुकानाचं नाव, पुढं 'उधारी'. त्यांनी चष्मा सरळ केला. "हे आमच्या बाजूचंच न्हवं काय?" मी ती खिडकी लगेच मिटली, पण वाचायचं ते वाचून झालं होतं. एकाची उधारी दुसऱ्याला कळणं पेठेत लहान गोष्ट नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रोफाइलची भिंत ब्राउझरपुरती, आणि फायलींची ती खिडकी विंडोजची.

विंडोजच्या वेगळ्या खात्यात डेस्कटॉप, डाउनलोड्स, अलीकडच्या फायली, सगळं कोरं. माझं व्हॉट्सअ‍ॅप तिथं डोकावत नाही. कटकट आहे, नाही असं नाही. मराठी आणि कन्नड कीबोर्ड नव्यानं लावावे लागतात. दोन्ही खाती चालू ठेवली तर माझा ८ जीबीचा लॅपटॉप जड होतो, म्हणून घरूनच माझ्या खात्यातून साइन आउट करून निघतो. डी ड्राइव्ह मात्र दोन्ही खात्यांना उघडा असतो, आणि काही बिलिंग सॉफ्टवेअर आपला डेटा अशाच सामायिक फोल्डरात ठेवतात. तेवढं आधी तपासा. गिऱ्हाइकांच्या फायली मी माझ्या खात्याच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवल्या आणि डेमोच्या खात्याला अ‍ॅडमिनचे, म्हणजे सगळा लॅपटॉप हाताळायचे, हक्क दिले नाहीत.

दरवेळी इन्स्टॉलेशनपासून दाखवणाऱ्यांना व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपातच चालणारा दुसरा आभासी कॉम्प्युटर, कदाचित बरं पडेल, रॅम भरपूर असेल तर. माझ्यासारख्या फिरत्या माणसाला वेगळं खातंच सोयीचं वाटतं. त्यात एक काल्पनिक किराणा दुकान भरून ठेवलंय, तूरडाळीपासून काडेपेटीपर्यंत, नावं मराठीत आणि कन्नडमध्ये. आता 'फाइल निवडा' दाबलं की तिथं त्याच दुकानाची यादी दिसते.